स्वतःचं प्रूफ स्वतः वाचू नये

मुद्रितशोधनाच्या, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधण्याच्या कामात एक जुना नियम आहे. तो कुठे लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात. ज्यानं मजकूर लिहिला त्यानं त्याचं शेवटचं प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली कच्ची प्रत, वाचायचं नाही, आणि वाचलंच तर ते वाचन हिशेबात धरायचं नाही. लिहिणाऱ्याला कागदावर आहे ते दिसत नाही, असायला हवं होतं ते दिसतं. वाक्य डोक्यात शाबूत असतं. डोळा तेच कागदावर वाचून पुढे सरकतो. हुशारीचा इथे संबंध नाही. उलट भाषा जितकी मुरलेली, तितका डोळा भरधाव सुटतो आणि तितक्या चुका निसटतात. पंचवीसेक वर्षं हेच काम करूनही माझ्या स्वतःच्या पत्रातल्या चुका मला पत्र पाठवून झाल्यावरच सापडतात.

कागदापुरता हा नियम मला पहिल्या महिन्यात पाठ झाला. माणसालाही तो लागू पडतो हे कळायला मात्र पन्नाशी जवळ यावी लागली, आणि तेही जरा लाज वाटावी अशा रीतीनं.

त्या दिवसांत मी स्वतःला सुधारायला घेतलं होतं. पहाटे पाचला उठायचं, उठल्यावर तीन पानं लिहायची, दिवसाला दहा हजार पावलं चालायचं आणि झोपण्याआधी नव्या भाषेचा एक धडा. फोनमध्ये प्रत्येकासमोर एक चौकोन होता, काम झालं की त्यात बरोबरची खूण. एकेचाळीस दिवस एकही चौकोन रिकामा गेला नव्हता. एका रात्री सव्वाअकराला शाळेपासूनच्या मित्राचा फोन आला. त्याचा संसार मोडत होता आणि हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता. माझी पावलं झाली होती आठ हजार सहाशे. बारा वाजले की आकडा शून्यावर. मग मी फोन कानाला लावून हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागलो. मधेमधे ‘हं’ आणि ‘अरे बापरे’ चालूच होतं. बाराला दहा कमी असताना तो बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, “तू धापा का टाकतोयस?”

“जिना चढून आलो,” मी म्हणालो. पस्तीस मिनिटं फोनवर असलेला माणूस कुठला जिना चढून येतो, हे त्यानं विचारलं नाही. “बरं, झोप आता,” म्हणून त्यानं फोन ठेवला. चौकोनात खूण पडली. त्यानं मला पुन्हा त्या विषयावर फोन केलेला नाही.

दहा हजार या आकड्यामागे काहीतरी गाढं शास्त्र असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात १९६५ साली एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि त्याला नाव दिलं ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’. आकडा गोल होता, उच्चारायला सोपा होता, लोकांच्या तोंडी बसला. संशोधनं मागाहून आली. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पावलं वाढतील तसा मृत्यूचा धोका कमी होत गेलेला दिसला, पण साधारण साडेसात हजारांच्या पुढे त्यात फारसा फरक पडला नाही. चालणं वाईट असं मी म्हणत नाही; मी अजूनही चालतो. पण त्या रात्री मी एका यंत्राच्या नावासाठी मित्राला अर्धवट ऐकलं, एवढं खरं.

तर सांगायचं ते हे. ‘आत्मविकास’ या शब्दातल्या ‘विकास’बद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘आत्म’बद्दल. आपणच विद्यार्थी, आपणच मास्तर आणि परीक्षेचा पेपर तपासणारेही आपणच, अशी ही शाळा आहे. माणूस सुधारायचा असेल तर त्याचं प्रूफ दुसऱ्या कुणीतरी वाचावं लागतं. आणि दुसऱ्या कुणी वाचायचं तर त्या दुसऱ्याकडे वेळ असावा लागतो. हा वेळ आपण कामाच्या जागेतून काढून टाकला आणि त्याच्या बदल्यात लोकांच्या हातात चौकोन दिले. म्हणून हा प्रश्न एकेकट्याच्या इच्छाशक्तीचा नाही, सगळ्यांच्या वेळापत्रकाचा आहे.

स्वतःच्या गुणदोषांची वही ठेवायची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेचा मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन मूळचा छापखानेवाला, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. तरुणपणी त्यानं सद्गुणांची यादी केली आणि छोट्या वहीत तक्ते आखले. एका बाजूला सद्गुण, वर आठवड्याचे वार, चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. दर आठवड्याला एका सद्गुणाकडे खास लक्ष, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. ‘व्यवस्थितपणा’ आपल्याला कधीच नीट साधला नाही, हे त्यानं म्हातारपणी आत्मचरित्रात मोकळेपणानं कबूल केलं. त्याची ही वही लोक कौतुकानं सांगतात. त्याच आत्मचरित्रातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. मूळ यादीत सद्गुण बाराच होते. तेरावा, नम्रता, एका मित्रामुळे आला. लोक तुला गर्विष्ठ समजतात, वादात तू नुसता बरोबर ठरून थांबत नाहीस, समोरच्यावर कुरघोडी करतोस, असं त्या मित्रानं सांगितलं आणि वर अनेक उदाहरणंही दिली. इतक्या काटेकोरपणे स्वतःचे ठिपके मोजणारा माणूस, आणि सगळ्यांना दिसणाऱ्या दोषासाठी त्याच्या तक्त्यात घरच नव्हतं!

माझ्या तक्त्यातही एक घर नव्हतं. पहाटे पाचच्या माझ्या कौतुकाला तीन महिने होत आले तेव्हा बायको एकदा सहज म्हणाली, “तू लिहीत बसतोस तेव्हा मुलांना उठवून शाळेला तयार कोण करतं, हे लिहिलंस का कुठे त्या तीन पानांत?” लिहिलं नव्हतं. लिहिण्याचा प्रश्नच आला नव्हता, कारण मला ते दिसतच नव्हतं. आधी ते काम आम्ही दोघं मिळून करायचो.

दिसत नाही म्हणजे नेमकं किती दिसत नाही, याचं मोजमाप करण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १९९९ साली डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी केला. विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण या विषयांच्या चाचण्या घेतल्या आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे बसतो, असं लोकांना विचारलं. सगळ्यात मागे पडलेले एक चतुर्थांश लोक खालून मोजले तर शंभरात सरासरी बाराव्या जागेवर होते. ते स्वतःला बासष्टाव्या जागेवर समजत होते. त्यांच्या आकडेमोडीच्या पद्धतीवर पुढे बरीच वादावादी झाली. मला त्यातला एक बारीक भाग जास्त मोलाचा वाटतो. तर्काच्या चाचणीत मागे पडलेल्यांना थोडं प्रशिक्षण दिलं, तेव्हा आपण आधी किती चुकलो होतो याचा त्यांना बऱ्यापैकी अंदाज आला. चूक दिसायला आधी शिकावं लागतं, मग ती दिसते. एकट्यानं आरशासमोर कितीही वेळ उभं राहून हे साधत नाही.

आता अण्णांबद्दल.

मी कामाला लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ मुद्रितशोधक बसायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. माझी पेन लाल, त्यांची हिरवी. मी वाचलेलं प्रत्येक प्रूफ पहिले आठ महिने ते पुन्हा वाचायचे. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे जास्तीचे पैसेही मिळत नव्हते. त्यांच्याकडे जुन्या पोस्टकार्डाचा एक तुकडा होता, त्याच्या मधोमध एका ओळीएवढी खाच कापलेली. तो तुकडा कागदावर ठेवला की एकच ओळ दिसायची, वरची-खालची झाकलेली. “अर्थ वाचू नकोस, अक्षर वाच,” म्हणायचे. “अर्थ वाचायला गिऱ्हाईक बसलंय.” शीर्षकं उलटीकडून वाचायला लावायचे, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. मोठ्या टायपातली चूक सगळ्यात उशिरा दिसते, हे ऐकून मला हसू आलं होतं. पुढे एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रफार चुकीच्या अक्षरावर गेला आणि चार जणांच्या नजरेखालून गेला. मी हसायचा थांबलो.

चार वाजता ते हाक मारायचे, “इकडे ये.” समोर माझं प्रूफ, समासात हिरव्या खुणा. एकदा मी ‘दोन मनांचे मीलन’ असं जाऊ दिलं होतं.

“मीलन म्हणजे काय रे?”

“भेट. एकत्र येणं.”

“कोश काढ.”

कोश काढला. मिलन, ऱ्हस्व मि, म्हणजे भेट. मीलन, दीर्घ मी, म्हणजे डोळे मिटणं.

“म्हणजे काय झालं बघ,” अण्णा म्हणाले, “दोन मनांनी डोळे मिटले. त्यांनी मिटले असतील नसतील, तू नक्की मिटले होतेस.”

हा शब्द पुन्हा माझ्या हातून सुटलेला नाही. पण खरी शिकवणी त्या शब्दापुरती नव्हती. कोश न बघता ‘मला माहीत आहे’ म्हणणारा माझ्यातला जो माणूस होता, त्याच्यावर ती हिरवी खूण होती. अण्णांनी माझ्या ‘व्यक्तिमत्त्वा’बद्दल एक शब्दही कधी उच्चारला नाही. ते बोलायचे वेलांटीबद्दल. आणि वेलांटीबद्दल बोलता बोलता माझा उतावळेपणा, माझी घमेंड, कंटाळा आल्यावर शेवटची दहा पानं पळवायची माझी सवय, सगळं समासात हिरव्या शाईत उमटायचं. कामाच्या आडून माणसाला हात घालता येतो, तो सरळ घातला तर माणूस आखडतो.

पंधरा-वीस मिनिटं लागायची याला. त्या वेळात अण्णांचा स्वतःचा गठ्ठा तसाच पडून राहायचा. कामाचा वेग मोजण्याची सोय तेव्हा धड नव्हती, म्हणून हे निभावलं. ढिसाळपणाच्या फटीत ही शिकवणी उगवली होती, भिंतीच्या चिरेत रोप उगवतं तशी. पुढे फटी बुजवल्या गेल्या. अण्णा निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. माझ्या नावापुढे दिवसाला साठ पानं असा आकडा आला.

आज आमच्याकडे एक नवा मुलगा आहे. घरून काम करतो, हुशार आहे, नम्र आहे. तो फाइल पाठवतो, मी त्यात दुरुस्त्या करतो, त्या वेगळ्या रंगात दिसतात, फाइल परत जाते. तिथे एक बटण असतं: ‘सगळे बदल स्वीकारा’. तो ते दाबतो. का दाबू नये? त्यालाही साठ पानं आहेत. त्याच्या चौथ्या फाइलमध्ये मला पुन्हा तेच सापडलं, दोन मनांचे मीलन. पहिल्या तीन फाइलींतही ते होतं, मी तिन्ही वेळा दुरुस्त केलं होतं, त्यानं तिन्ही वेळा नम्रपणे स्वीकारलं होतं. दुरुस्ती झाली, मुलगा होता तिथेच राहिला. त्यात त्याच्यापेक्षा माझा दोष जास्त. मी एकदाही फोन उचलून ‘कोश काढ’ म्हणालो नव्हतो.

गंमत अशी की त्याच सुमाराला कार्यालयातून वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता, ‘आपल्या वैयक्तिक विकासाची उद्दिष्टे लिहा’. खाली सूचना: ताणतणावाच्या नियोजनावर कार्यशाळा, उपस्थिती अपेक्षित, वार शनिवार. शनिवारी आम्हाला सुटी असते. म्हणजे आठवड्याच्या कामानं जो ताण आला, तो कसा सोसावा हे सुटीच्या दिवशी येऊन शिकायचं. मुलानं त्या रकान्यात लिहिलं, ‘वेळेचं नियोजन सुधारणे’. बिचारा. वेळ त्याच्या हातात असता तर त्यानं नियोजन केलं असतं.

हे एका कार्यालयाचं गाऱ्हाणं नाही. शिकणं ही कामगाराची खासगी जबाबदारी आणि शिकलेल्याचा उपयोग मात्र कामाच्या जागेला, ही वाटणी आता इतकी सर्वत्र झाली आहे की ती वाटणी आहे हेच लक्षात येत नाही. संध्याकाळी थकून आल्यावर शिका, पहाटे लवकर उठून शिका, जाता-येता कानात काहीतरी घालून शिका. नाही जमलं तर तुमच्यात चिकाटी कमी. आणि दिवसात शिल्लक तरी किती राहतं? उद्योगधंद्यांतल्या कामाचे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, ही मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अगदी पहिल्या करारात, १९१९ साली, घातली गेली. शंभर वर्षं उलटून गेल्यावर, २०२१ साली, याच संघटनेनं जागतिक आरोग्य संघटनेबरोबर अंदाज प्रसिद्ध केला: आठवड्याला पंचावन्न किंवा जास्त तास काम केल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकारानं २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली. इतके तास राबणाऱ्याला ‘स्वतःत गुंतवणूक कर’ असा सल्ला देणं म्हणजे जखमेवर मीठ.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं. ज्याला वाढायचंय तो कसाही वाढतो, असं म्हणतात. गरिबीतून, कुणाच्या मदतीशिवाय वर आलेल्यांची नावं घेतात. त्यात मायकल फॅरेडेचं नाव हटकून असतं. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला आणि विजेच्या शास्त्रात शिखरावर पोचला. खरं आहे सगळं. पण त्याच गोष्टीतली बाकीची माणसं बघा. ज्याच्याकडे उमेदवारी केली त्या मालकानं पुस्तकं वाचू दिली, वाचतोस काय म्हणून कान पिळला नाही. संध्याकाळच्या व्याख्यानांची फी मोठ्या भावानं भरली. १८१२ साली नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं दिली. आणि पुढे काही वर्षं पाच-सहा मित्र संध्याकाळी एकत्र जमायचे, एकमेकांसमोर वाचायचे आणि एकमेकांचे उच्चार आणि वाक्यरचना सुधारायचे. फॅरेडेची बुद्धी फॅरेडेचीच, ती कुणी दिली नाही. पण एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट मोजली तर आठ-दहा जणांची निघते. फ्रँकलिननंही १७२७ साली असंच एक मंडळ काढलं होतं, परस्परांच्या सुधारणेसाठी. त्याचा तक्ता आपण उचलला, मंडळ सोडून दिलं. तक्ता विकता येतो, मंडळ विकता येत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

दुसरी हरकत मला जास्त गंभीर वाटते. दुसऱ्याच्या नजरेचं इतकं कौतुक करताय, पण कामाच्या जागी दुसऱ्याची नजर म्हणजे बहुतेकदा पाळतच असते, असं कुणी म्हणेल. बरोबर म्हणेल. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्यानं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कामगाराच्या हालचालींना घड्याळ लावलं. आता पडद्यामागून कळफलकाचे ठोके मोजले जातात. त्या नजरेनं कुणी सुधारत नाही, फक्त सावध होतो. फरक मला एवढाच सांगता येईल: पाळत ठेवणाऱ्याला माझ्या चुकीचा आकडा हवा असतो, अण्णांना ती चूक का झाली ते हवं असायचं. शिवाय अण्णांशी भांडता यायचं. दोनदा मी बरोबर निघालो; तेव्हा त्यांनी हिरवी खूण स्वतःच्या हातानं खोडली आणि शेजारी सही केली. मोजणाऱ्या यंत्राशी असं भांडता येत नाही.

पण अण्णांची आठवण मी इतकी वर्षं ज्या मायेनं सांगत आलो, त्या मायेलाही एकीनं हिरवी खूण केली. तेव्हा पलीकडच्या टेबलावर माझ्याच वयाची एक सहकारी होती, माझ्याबरोबरच लागलेली. दोन वर्षांपूर्वी बऱ्याच दिवसांनी भेटलो, अण्णांचा विषय निघाला आणि मी पोस्टकार्डाची खाच वगैरे रंगवून सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चार वाजता तुला हाक मारायचे. मला आठ महिन्यांत एकदाही नाही मारली. मी तुमचं बोलणं टेबलावरून ऐकून शिकले.”

मला आठवेना. खरंच आठवेना. मी त्या खोलीत होतो, रोज चार वाजता उठून तिच्या टेबलावरून जात होतो. अण्णा वाईट होते का? नव्हते. त्यांना माझ्यात त्यांचा तरुणपणीचा चेहरा दिसत असेल, तिच्यात दिसला नसेल. चांगुलपणावर सोडलेली शिकवणी अशीच वाटली जाते, आपल्यासारख्या दिसणाऱ्याला आधी. म्हणून जुन्या फटी परत उघडा, जुने दिवस परत आणा, असं मी म्हणत नाही. त्या दिवसांत मला हाक आली होती म्हणून ते मला गोड वाटतात. मला नियम हवा आहे. नियम कोरडा असतो, पण तो पलीकडच्या टेबलापर्यंत पोचतो.

नियम म्हणजे काय, तर शिकवण्याचा आणि शिकण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरायचा. नव्या माणसाचं पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट कमी, आणि जो त्याचं काम वाचून समजावणार त्याचंही उद्दिष्ट तितकंच कमी, कागदावर, पगार न कापता. साठाऐवजी पंचेचाळीस पानं. उरलेल्या पंधरा पानांच्या वेळात दोघांनी एका प्रूफवर बसायचं. हे कुणाला मिळेल ते वरिष्ठाच्या आवडीवर नाही, यादीवर ठरेल. यात काही जगावेगळं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९७४ सालीच सवेतन शैक्षणिक रजेचा करार केला आहे: कामगाराला शिकण्यासाठी कामाच्या वेळातच रजा मिळावी आणि त्या काळात त्याला पुरेसे पैसे मिळावेत. आणि शिक्षण म्हणजे नुसतं धंद्याचं कौशल्य नव्हे. सामान्य, सामाजिक आणि नागरिक म्हणून लागणारं शिक्षणही त्यात धरलं आहे. मोजक्या देशांनीच त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. कामाच्या वेळेबाहेर फोनवर उपलब्ध नसण्याचा हक्क फ्रान्सनं २०१७ पासून कायद्यात आणला, तेव्हा वेळेवर कायदा करता येतो हेही दिसलंच आहे.

खर्च येईल. पानं कमी होतील, निदान पहिल्या वर्षी. चौथ्यांदा तीच चूक दुरुस्त करण्याचा खर्च मात्र कुणी मांडत नाही, कारण तो कुठल्याच रकान्यात पडत नाही. आणि ज्यांना कार्यालयच नाही, जे स्वतःचा धंदा करतात, घर सांभाळतात, मिळेल तिथे रोजानं जातात, त्यांचं काय? त्यांना माझा हा नियम पोचत नाही, हे मी कबूल करतो. त्यांच्यासाठी संध्याकाळ मोकळी असणं, जमायला जागा असणं, वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडं असणं हे जास्त उपयोगाचं. फॅरेडेच्या मित्रांनाही बसायला एक खोली लागलीच होती.

एक भीती मला स्वतःलाच वाटते. उद्या हे मान्य झालं तर कुणीतरी त्याचाही चौकोन करेल: ‘या महिन्यात किती तास शिकवलं?’ आणि मी रात्री बाराला दहा कमी असताना कुणाला तरी फोन करून घाईघाईनं शिकवत असेन.

तूर्त मी एवढं केलं आहे की बुधवारी चार वाजता त्या मुलाला फोन लावतो. आम्ही दोघंही एकच फाइल उघडतो आणि तिथलं ते बटण दाबायचं नाही असं ठरलं आहे. एकेक बदल बघायचा, पटला तर घ्यायचा, नाही पटला तर का ते बोलायचं. त्या दिवशी माझी चाळीसच पानं होतात. अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं की सांगणार आहे. गेल्या बुधवारी त्यानं माझी एक दुरुस्ती परतवली. शुद्धलेखनाच्या ज्या नियमावर मी इतकी वर्षं बोट ठेवत होतो, तो मी अर्धाच पाठ केला होता. त्यानं नियम वाचून दाखवला. त्यानंतर थोडा वेळ दोन्हीकडे शांतता होती.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो त्या जुन्या सहकारीला वाचायला पाठवला. तिनं तीन खुणा केल्या. पहिली शुद्धलेखनाची होती, ती मुकाट्यानं घेतली. दुसरी, अण्णांबद्दल मी लिहिलेलं एक हळवं वाक्य तिनं सरळ कापलं, तेही गेलं. तिसरी खूण ‘अण्णा वाईट होते का? नव्हते’ या वाक्यांवर आहे. तिनं समासात फक्त प्रश्नचिन्ह काढलं आहे. ती वाक्यं मी तशीच ठेवली आहेत, आणि त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.